ताईचीचे तीन उगम

१८८१ साली चीनच्या हबेइ प्रांतात योंगन्येन इथे राहणाऱ्या ली यीयू या विद्वानाने ताईचीवर एक छोटी प्रस्तावना लिहिली आणि आरंभीच सांगून टाकलं, की ही विद्या कोणी सुरू केली ते ठाऊक नाही. ली काही परका माणूस नव्हता. त्याचा मामा वू यूश्यांग याने ही विद्या आधी आपल्याच गावच्या यांग लुचानकडून आणि मग हनान प्रांतातल्या झाओबाओ गावी चेन छिंगपिंग या वस्तादाकडून घेतली होती. ताईचीचे आज प्रमाण मानले जाणारे बहुतेक जुने लेख या मामा-भाच्यांच्याच दप्तरातून बाहेर आले. ज्याच्या हाताशी त्या काळी सगळ्यात जास्त कागद होते, तोच मूळपुरुषाचं नाव सांगायला तयार नव्हता. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत मात्र उत्तरांची रीघ लागली. कोणी वूदांग डोंगरावरच्या झांग सानफंग या ताओपंथी सिद्धाचं नाव घेतलं, कोणी चेन गाव वसवणाऱ्या चेन बूचं, कोणी त्याच्या नवव्या पिढीतल्या चेन वांगतिंगचं, तर कोणी वांग झोंगयुए या जवळपास अज्ञात लेखकाचं. २००७ मध्ये हनानमधल्या वेन तालुक्याला ‘ताईचीचं उगमस्थान’ हा किताब मिळाला. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने ताईचीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा तिच्या जन्माची नोंदही त्याच तालुक्यात, सतराव्या शतकाच्या मध्यावर केली.

उत्तरं इतकी वेगवेगळी का यावीत? पुरावा अपुरा आहे हे खरं. पण त्याहून मोठी अडचण अशी, की ‘ताईची कोणाची?’ हा एकच प्रश्न एका दमात तीन गोष्टी विचारतो. बागेत पहाटे संथपणे हात फिरवणारी माणसं जे करतात, त्यात तीन थर आहेत. पहिला थर सुट्या पवित्र्यांचा: एका पायावर उभं राहणं, जमिनीलगत पाय पसरून बसणं, मूठ पुढे झेपावणं. दुसरा थर क्रमाचा: कोणत्या पवित्र्यानंतर कोणता, कुठे वळायचं, काय पुन्हा करायचं. यांग घराण्याच्या लांब रचनेत मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे ८५, १०३ किंवा १०८ हालचाली येतात, आणि त्यांचा क्रम वस्ताद सहसा मोडू देत नाही. तिसरा थर विचाराचा: मऊपणाने कठीणाला जिंकावं, बळाला बळ भिडवू नये, यिन आणि यांग यांचा तोल सांभाळावा, आणि या सगळ्याला ‘ताईची’ म्हणावं. हे तिन्ही थर एकाच माणसाने एकाच काळात रचले असं आपण न तपासता धरून चालतो. पुरावे थराथराने लावून पाहिले तर प्रत्येक थराचा उगम वेगळा निघतो: पवित्रे सोळाव्या शतकातल्या किंवा त्याआधीच्या सामाईक साठ्यातले, क्रम चेन गावचा, आणि विचार व नाव मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या योंगन्येनच्या पंडितांचं. म्हणून मूळपुरुषावरचा वाद कोणीही जिंकला तरी तो अर्धवटच जिंकलेला असतो.

आधी सगळ्यात लोकप्रिय उत्तर तपासू. झांग सानफंगचं चरित्र मिंग राजघराण्याच्या अधिकृत इतिहासात आहे. त्यात तो धिप्पाड, विचित्र, उन्हाळा-हिवाळा एकाच अंगरख्यावर काढणारा ताओपंथी म्हणून येतो. मिंग सम्राटांनी त्याला शोधायला माणसं पाठवली. योंगल सम्राटाचा दूत तर वर्षानुवर्षं हिंडत राहिला. याच सम्राटाने १४१२ पासून वूदांग डोंगरावर प्रचंड मंदिरं बांधून घेतली. पण या अधिकृत चरित्रात मुष्टियुद्धाचा उल्लेखच नाही. मुष्टियुद्धाशी त्याचं नाव जोडणारा पहिला भक्कम मजकूर १६६९ चा आहे. ह्वांग झोंगशी या थोर विचारवंताने वांग झंगनान या मल्लाच्या समाधीलेखात शाओलिनच्या ‘बाह्य’ विद्येसमोर एक ‘आंतरिक’ विद्या उभी केली आणि तिचा कर्ता म्हणून झांग सानफंगचं नाव दिलं. कथा अशी: सोंग सम्राट ह्वेझोंगने त्याला दरबारी बोलावलं, वाट बंद असल्याने तो अडकला, रात्री स्वप्नात उत्तरेच्या कृष्णदेवाने त्याला मुष्टियुद्ध शिकवलं आणि सकाळी त्याने एकट्याने शंभरावर दरोडेखोर मारले. ह्वेझोंग बाराव्या शतकाच्या आरंभीचा. मिंग दरबार ज्याला शोधत होता तो सिद्ध त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी येतो. आणि कथा लिहिली जाते ती ह्वेझोंगनंतर साडेपाचशे वर्षांनी. कालगणनेची ही गाठ सोडवायला भक्तांनी दोन वेगळे झांग मानले, पण दोन झांग मानल्याने पुरावा दुप्पट होत नाही.

ह्वांग झोंगशी खोटारडा होता असं यातून निघत नाही. तो मिंग घराण्याशी एकनिष्ठ होता. मांचूंनी देश जिंकला तेव्हा त्याने प्रतिकारात भाग घेतला आणि पुढे नव्या राजवटीची चाकरी नाकारली. बाहेरून आलेल्या बौद्ध धर्माचा मठ ‘बाह्य’ आणि इथल्या मातीतला ताओपंथी ‘आंतरिक’ या जोडीत मांचूंवरचा झाकलेला टोला काही अभ्यासकांना दिसतो. हा अर्थ पटो वा न पटो, एक गोष्ट तपासता येते. ह्वांगचा मुलगा ह्वांग बाइज्या स्वतः त्या वांग झंगनानचा शागीर्द होता. त्याने या आंतरिक विद्येचे डाव, मुठी, पावलं नावानिशी टिपून ठेवली. ती यादी ताईचीच्या यादीशी जुळत नाही. शिवाय गुरूबरोबर ही विद्या बुडाल्यातच जमा आहे अशी खंतही त्याने लिहून ठेवली. म्हणजे सतराव्या शतकात पूर्व किनाऱ्याकडच्या निंगबो भागात ‘आंतरिक’ म्हणवणारी एक विद्या होती, तिच्या जाणकाराने ती संपत आल्याचं सांगितलं, आणि दोनशे वर्षांनी दूरच्या उत्तरेत ताईचीला पूर्वज हवा झाला तेव्हा त्या बंद पडलेल्या घराची पाटी काढून इथे लावली गेली. १९२८ मध्ये नानजिंगला राष्ट्रीय युद्धकला संस्था निघाली तेव्हा तिचे सुरुवातीचे दोन विभागच शाओलिन आणि वूदांग या नावांनी पाडले होते. दंतकथेला सरकारी दप्तर मिळालं ते असं.

हीच करामत दुसऱ्या बाजूलाही झाली, आणि तिथे आपला संबंध येतो. बोधिधर्म या भारतीय भिक्षूने शाओलिनमध्ये युद्धकला आणली ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. २०११ च्या ‘एळाम अरिवु’ या तमिळ चित्रपटाने तर ती घरोघरी नेली. शाओलिनच्या भिक्षूंनी ६२१ साली भावी तांग सम्राटाला लढाईत मदत केली हे मठातल्या ७२८ च्या शिलालेखावरून पक्कं आहे. पण तो लेख बोधिधर्माला युद्धकलेचं श्रेय देत नाही आणि भिक्षू कोणती विद्या वापरत तेही सांगत नाही. बोधिधर्माचा व्यायामाशी संबंध जोडणारा ‘यीजिनजिंग’ हा ग्रंथ १६२४ च्या सुमाराचा आहे. त्याला ६२८ आणि ११४२ सालच्या म्हणून दोन प्रस्तावना जोडल्या आहेत आणि त्या बनावट आहेत, हे अठराव्या शतकातल्या लिंग टिंगकानसारख्या चिनी पंडितानेच चिडून दाखवून दिलं होतं. तेव्हा हे खंडन पाश्चात्त्यांनी येऊन केलं, असंही म्हणता येत नाही. तांग हाओ या चिनी वकिलाने १९३० मध्ये शाओलिन आणि वूदांग या दोन्ही कथांचा एकाच पुस्तकात समाचार घेतला. झांग सानफंगची कथा नाकारायची आणि बोधिधर्माची मात्र ठेवायची, ही सवलत आपल्यालाही घेता येणार नाही. दोन्ही एकाच शतकात, एकाच गरजेतून आणि एकाच पद्धतीने घडल्या आहेत.

आता पहिला थर, पवित्र्यांचा. सोळाव्या शतकात छी जिग्वांग (१५२८–१५८८) हा सेनापती जजियांगच्या किनाऱ्यावर समुद्री चाच्यांशी लढत होता. शेतकरी आणि खाणकामगार भरती करून त्यांना शिकवायला त्याने ‘जीश्याओ शिनशू’ हा लष्करी ग्रंथ लिहिला. त्यातल्या एका प्रकरणात निःशस्त्र लढाईचे ३२ पवित्रे चित्रांसह दिले आहेत. मोठ्या युद्धात मुष्टियुद्धाचा फारसा उपयोग नाही, पण नवख्या माणसाचे हातपाय मोकळे करायला ते बरं, असं त्याचं रोखठोक मत. ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीतून तर त्याने हे प्रकरण गाळूनच टाकलं. या मालिकेतला पहिला पवित्रा ‘लानझायी’: लढायला उभं राहण्यापूर्वी लांब अंगरख्याचा घोळ सहज उचलून कमरेशी खोचण्याची ऐट त्यात आहे. त्याच्यामागून एका पायावर उभा कोंबडा, घोडा चाचपणं, चाबकाचा एक प्रकार, सप्तर्षी मूठ येतात; पुढे जमिनीलगत पसरणारा ‘छुएदीलोंग’, वाघावर मांड, आणि डोक्यासमोरची तोफ. ताईची करणाऱ्या कोणालाही ही नावं ओळखीची वाटतील. तांग हाओने चेन गावच्या सगळ्या रचना एकत्र धरून मोजणी केली तेव्हा छीच्या ३२ पैकी २९ नावं तिथे सापडली. आणि छीनेही ती स्वतः निर्माण केल्याचा दावा केलेला नाही. आपल्या काळातल्या अनेक नामांकित पद्धती त्याने नावानिशी सांगितल्या आणि त्यांतलं उत्तम ते उचललं, असं म्हटलं. म्हणजे पवित्रे त्याच्याही आधीचे, सामाईक साठ्यातले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे: नाव सारखं म्हणून हालचाल सारखी कशावरून? हा आक्षेप बराचसा मान्य करावा लागतो. ‘चाबूक’ किंवा ‘तोफ’ ही नावं चीनमधल्या कितीतरी घराण्यांत आहेत, आणि छीच्या चित्रातला उभा माणूस त्याच्या आधी आणि नंतर काय करतो ते चित्र सांगत नाही. एका पायावरच्या कोंबड्याचं चित्र आजच्या पवित्र्याशी बऱ्यापैकी जुळतं. इतर कित्येक चित्रांबद्दल तसं छातीठोकपणे म्हणता येत नाही. म्हणून सुट्या नावांवरून वंश सिद्ध होत नाही; ही माणसं एकाच बाजारातून माल उचलत होती इतकंच त्यावरून कळतं. तो बाजार मोठा होता. छीची ३२ चित्रं १६०९ च्या ‘सानत्साय तूह्वे’ या सचित्र ज्ञानकोशात आणि १६२१ च्या ‘वूबे झी’ या युद्धशास्त्राच्या महाग्रंथातही छापली गेली. चेन गावच्या कोणी ती पुस्तकातून घेतली असोत वा परिसरातल्या एखाद्या लष्करी वस्तादाकडून, पवित्रे गावाबाहेरचे आणि गावाच्या कीर्तीहून जुने आहेत, हा निष्कर्ष बदलत नाही.

वंश सांगतो तो क्रम. सुटी नावं कुठेही सारखी पडू शकतात. वीस-पंचवीस नावं एकामागून एक त्याच ओळीत पडणं हा योगायोग नसतो. चेन गावच्या जुन्या पहिल्या रचनेचा शेवट पाहा: जमिनीलगतचा पसारा, पुढे पाऊल टाकून सप्तर्षी, मागे येऊन वाघावर मांड, वळून कमळझाड, मग डोक्यासमोरची तोफ. यांग घराण्याच्या रचनेचा शेवट: खाली उतरणं, पुढे पाऊल टाकून सप्तर्षी, मागे येऊन वाघावर मांड, वळून कमळझाड, मग धनुष्य ताणून वाघाला बाण. पाचापैकी मधली तीन हुबेहूब आणि दोन्ही टोकांची किंचित बदललेली. यातली चार नावं छीच्या यादीत आहेत, पण तिथे ती अशी ओळीने येत नाहीत. सप्तर्षी सुरुवातीला आहे, तोफ शेवटाकडे. म्हणजे सामाईक साठ्यातले मणी कोणीतरी एका विशिष्ट दोऱ्यात ओवले, आणि तो दोरा चेन व यांग या दोघांकडे आहे. आरंभही तेच सांगतो. चेन रचनेत ‘लानझायी’ आणि लगोलग एकेरी चाबूक. यांगकडे त्याच जागी ‘लानछुएवेइ’, चिमणीची शेपूट धरणं, आणि मग एकेरी चाबूक. ऐकीव उच्चारातून शब्द बदलल्याची ही खूण आहे. कारण वू यूश्यांगच्या परंपरेत अजून ‘लानझायी’च लिहितात. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती करताना पोथ्यांची कुळं सामाईक पाठ आणि सामाईक चुका यांवरून लावली. तीच कसोटी इथे लावली तर यांग शाखा चेन खोडाची ठरते, उलट नाही.

या खोडाच्या दोन टोकांना एक नाव आहे जे ताओपंथी कथेला फार अडचणीचं ठरतं. चेन रचना सुरू होते ‘जिंगांगने उखळ कांडणं’ या पवित्र्याने आणि संपतेही त्याच पवित्र्याने. जिंगांग म्हणजे वज्र धारण करणारा बौद्ध रक्षक, आपला वज्रपाणी. शाओलिन मठाचं हे युद्धदैवत, आणि तो मठ चेन गावाहून ह्वांगहो नदीपलीकडे. यांग घराण्याने हे नाव गाळलं. एखाद्या ताओपंथी सिद्धाने ही रचना केली असती तर दोन्ही दारांवर बौद्ध द्वारपाल कशाला उभा केला असता? यावर कोणी म्हणेल, की मग ताईची शाओलिनची समजायची. तेही घाईचं होईल. मिंग काळात बौद्ध, ताओ आणि कन्फ्यूशियस यांची सरमिसळ रोजची होती, आणि एक नाव म्हणजे वारसाहक्क नाही. इतकंच म्हणता येतं, की ताईचीचा ताओपंथी रंग तळाचा नाही. तो वरून चढला आहे, आणि कधी चढला ते तिसऱ्या थरात दिसतं.

त्याआधी चेन वांगतिंगचा दावा किती टिकतो ते पाहायला हवं, कारण आज अधिकृत मान त्याला आहे. तांग हाओ १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला चेनजियागोउ गावी गेला आणि तिथल्या वंशावळीतली एक टीप त्याने प्रसिद्ध केली. वांगतिंग मिंगच्या अखेरीचा लढवय्या, शानडोंगमध्ये नाव कमावलेला, आणि चेन घराण्याच्या मुष्टियुद्धाचा, तलवारीचा व भाल्याचा आद्य कर्ता, असा तिचा आशय. वांगतिंग काल्पनिक नाही. १६४१ मध्ये तो वेन तालुक्यात गावच्या शिबंदीचा नायक होता, अशी स्थानिक नोंद आहे. पण टीप मूळ वंशावळीच्या बाजूला नंतरच्या हाताने लिहिलेली आहे, आणि ती ‘चेन मुष्टियुद्ध’ म्हणते, ‘ताईची’ म्हणत नाही. त्याहून मोठी अडचण चेन घराण्यातूनच येते. या घराण्याचा सर्वांत विद्वान लेखक चेन शिन (१८४९–१९२९) याचा सचित्र ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १९३३ मध्ये निघाला. त्यात विद्येचं मूळ वांगतिंगकडे नसून मिंगच्या आरंभी शानशी प्रांतातल्या होंगडोंगहून येऊन गाव वसवणाऱ्या चेन बूकडे नेलं आहे. ज्या घरात मूळपुरुषाबद्दल एकमत नाही, त्या घराच्या वतीने बाहेरच्यांनी एकमत जाहीर करणं जरा जास्तच झालं. तांग हाओची पद्धत चोख होती. पण दंतकथेतला कर्ता काढून टाकल्यावर त्याच्या रिकाम्या खुर्चीत दुसरा कर्ता बसवायचा मोह त्याला आवरला नाही.

मग क्रमाला तारीख कशी द्यायची? चेन गावातली बाडं बहुतांशी एकोणिसाव्या शतकातल्या नकला आहेत, त्यामुळे कागदाच्या वयावरून फार मागे जाता येत नाही. शाखांवरून मात्र जाता येतं. यांग लुचानचा गुरू चेन चांगशिंग १७७१ चा, वू यूश्यांगचा गुरू चेन छिंगपिंग १७९५ चा. दोघांच्या शिष्यशाखांत रचनेचा सांगाडा एकच आहे, तेव्हा तो सांगाडा या दोघांच्या आधीपासून असणार: अठराव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरचा तो नाही. त्याच्या मागे, छीचं पुस्तक आणि त्याच्या छापील नकला सर्वदूर पसरल्यापर्यंतचा काळ, म्हणजे साधारण १६०० ते १७५०, हा शक्यतेचा पट्टा उरतो. वांगतिंग या पट्ट्यात बसतो आणि तो शिबंदीचा माणूस असल्याने छीच्या पवित्र्यांशी त्याची ओळख असणं अगदी संभवनीय आहे. पण ‘संभवनीय’ आणि ‘सिद्ध’ यांत जे अंतर आहे ते युनेस्कोच्या एका ओळीने भरून निघत नाही. क्रम चेन गावचा, आणि उशिरात उशिरा अठराव्या शतकातला, एवढं पुराव्याच्या जोरावर म्हणता येतं.

तिसरा थर सगळ्यात नवा. परंपरा सांगते, की वू यूश्यांगचा थोरला भाऊ वू चंगछिंग हनानमधल्या वूयांग तालुक्याचा अधिकारी असताना तिथल्या मिठाच्या दुकानात वांग झोंगयुए नावाच्या लेखकाचा ताईचीवरचा लेख मिळाला. हा काळ १८५० चं दशक. वांग झोंगयुए कोण, कुठला, कधीचा, यावर स्वतंत्र कागद नाही. शू झेन या अभ्यासकाने १९३० च्या दशकात तांग हाओशी वाद घालताना चेन गावाला ही विद्या वांगकडून मिळाली असं मांडलं. पण त्यासाठी वांग प्रत्यक्ष तिथे गेल्याचा पुरावा लागतो, आणि लेखातून तो निघत नाही. चेन गावच्या जुन्या बाडांत आपल्या विद्येला ‘तेरा शक्ती’, ‘लांब मूठ’, ‘तोफमूठ’ अशी नावं आहेत. ‘ताईची’ हे नाव आणि त्यामागची तत्त्वचर्चा ठळकपणे दिसते ती वू बंधू आणि ली यीयू यांच्या लेखनातून. हे सगळे शिकलेले, परीक्षा दिलेले, सरकारदरबारी वावरणारे लोक होते. आजूबाजूला तायपिंग बंडाचा (१८५०–१८६४) आगडोंब, किनाऱ्यावर परकी तोफा. मऊपणाने बलाढ्याला हरवण्याचं शास्त्र याच काळात या वर्गाला इतकं भावावं, यात नवल वाटायला नको. विचार सर्वस्वी त्यांचाच होता असंही नाही; अठराव्या शतकात चेन गावासमोर नदीपल्याडच्या सस्वेइ इथे चांग नायझोउ हा विद्वान मल्ल मुष्टियुद्ध आणि प्राणशक्ती यांवर विस्ताराने लिहीत होता. पण त्या परिसरातला विचार, चेन गावची रचना आणि ‘ताईची’ हे नाव यांची मोट योंगन्येनमध्ये बांधली गेली. यांग लुचानने ती विद्या बीजिंगला नेऊन मांचू सरदारांना शिकवली आणि त्याच्या नातवाने, यांग चंगफूने (१८८३–१९३६), तिला आजचं संथ, मोकळं रूप दिलं. १९५६ मध्ये सरकारी क्रीडा आयोगाने २४ हालचालींची जी सोपी आवृत्ती काढली, ती याच यांग वळणाची. जगभर बागांतून चालते ती बहुतेक हीच.

याविरुद्धचा सगळ्यात जुना आक्षेप गुप्ततेचा: विद्या घराबाहेर जाऊ दिली जात नसे, म्हणून ती कागदावर नाही, कागद नाही म्हणजे विद्या नव्हती, असं होत नाही. तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. पण गुप्ततेने कागदाचा अभाव समजावता येतो, गुप्ततेतून नाव आणि शतक निघत नाही. ज्या परंपरेने कोणालाच काही सांगितलं नाही, तिने झांग सानफंगचं नाव तेवढं कसं पोचवलं? आणि पोचवलंच असेल, तर १८८१ मध्ये तिच्या थेट वारसाला ते का ठाऊक नव्हतं? मौखिक परंपरा हा पुरावा आहेच. पवित्र्यांचा क्रम हाच मुळी अंगांगातून पोचलेला मौखिक पुरावा आहे आणि या लेखाचा सगळा भार त्याच्यावर आहे. अट इतकीच, की सांगणाऱ्याला सोयीचं असलेलं नाव आणि सोयीगैरसोयीशी देणंघेणं नसलेला क्रम यांत क्रमाला जास्त मोल द्यावं.

नव्या दाव्यांनाही हीच अट. झाओबाओ गाव म्हणतं, की वांग झोंगयुएची विद्या ज्यांग फाने आपल्याकडे आणली. चेन गावच्या एका चित्रात हाच ज्यांग फा बसलेल्या वांगतिंगच्या मागे शस्त्र घेऊन उभा आहे. एका गावाचा गुरू, दुसऱ्या गावाचा सोबती. अलीकडच्या दशकांत बोआय तालुक्यातल्या तांगछुन गावच्या ली कुळाची वंशावळ पुढे आली; तिच्यात ली बंधू आणि वांगतिंग यांनी एका देवळात मिळून ही विद्या रचल्याचं म्हटलं आहे, आणि ती १७१६ ची असल्याचं सांगतात. तिच्या विश्वसनीयतेवर वाद आहे. पण दोन्ही दाव्यांत पुन्हा माणसांचीच नावं आहेत. पवित्र्यांचा क्रम या नात्यांविषयी काही बोलत नाही. होंगडोंगच्या मुष्टियुद्धाचं उदाहरण बोधप्रद आहे. तिथल्या १०८ पवित्र्यांची नामावळी चेन गावच्या ‘लांब मुठी’शी विलक्षण जुळते. चेन बू होंगडोंगहूनच आला, म्हणजे विद्या चौदाव्या शतकापासूनची, असं म्हणायचा मोह होतो. पण होंगडोंगची स्वतःची परंपरा सांगते, की ही विद्या छियानलोंग सम्राटाच्या काळात, अठराव्या शतकात, हनानहून आलेल्या गुओ योंगफूने तिथे नेली. प्रवासाची दिशा उलटी निघाली. क्रम जुळला म्हणून नातं कळतं. कोण कोणाकडून गेलं हे वेगळं शोधावं लागतं.

शेवटचा प्रश्न व्यवहाराचा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला किंवा स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूला हे सगळं कशाला हवं? रचनेचा गुण तिच्या वयावर अवलंबून नाही, हे मान्य. पण उगमाच्या दाव्यावर किताब, पर्यटन, शिकवणीचे दर आणि ‘अस्सल’पणाचे शिक्के ठरतात, आणि मूळपुरुष एकच मानला की बाकीच्या शाखा आपोआप भेसळ ठरतात. तीन उगम मान्य केले तर ही भांडणं निम्म्याने मिटतात: चेन गावाला रचनेचा मान मिळतो, योंगन्येनला विचाराचा, आणि नाव हरवलेल्या मिंगकालीन सैनिकांना आणि वस्तादांना पवित्र्यांचा. हा निष्कर्षही कायमचा नाही, आणि तो कशाने कोसळेल ते सांगता येतं. १६०० पूर्वीची, कागद आणि शाई तपासून काळ ठरवता येईल अशी एखादी पोथी चेन गावाबाहेर सापडली आणि तिच्यात लानझायीपासून कमळझाडापर्यंतचा क्रम त्याच ओळीत निघाला, तर क्रमाचा मान चेन गावाकडून काढून घ्यावा लागेल. १८५० पूर्वीच्या तारखेच्या एखाद्या दस्तऐवजात मुष्टियुद्धाला ‘ताईची’ म्हटलेलं आढळलं, तर योंगन्येनचा वाटा कमी करावा लागेल. झांग सानफंगच्या कथेविषयी मात्र अशी कोणतीही कसोटी तिचे पुरस्कर्ते आजवर सुचवू शकलेले नाहीत, आणि ती इतिहासात न धरण्याचं मुख्य कारण तेच आहे.